पावसाळ्यात जायफळ वाळवताना: यंदाच्या नोंदी

16 जून 2024, रविवार

दापोली तालुक्यात समुद्राच्या अंगाला आमचं आगर आहे. नारळ-पोफळीच्या सावलीत बाबांनी अठरा वर्षांपूर्वी जायफळाची चार रोपं लावली. त्यातली तीन धरतात, चौथं नुसतंच माजलंय. दरवर्षी एक व्यापारी यायचा, झाडाखाली उभा राहून वर बघायचा आणि उक्ते पैसे हातावर ठेवून जायचा. गेल्या वर्षी 3,500 रुपये. यंदा मी ठाण्याहून इथे येऊन राहिलेय, ऑफिसचं काम घरून चालतं. म्हटलं, माल आपणच काढू, आपणच वाळवू. कुणाच्या आगरात दोन-चार झाडं असतील तर त्यांना उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय. चुका लपवणार नाही, कारण आत्या तशीही त्या गावभर सांगणारच आहे.

आज पहिली काढणी. फळ पिकलं की पेरूसारखं पिवळं होतं आणि शिवणीवर आपोआप तडकतं. आत बीभोवतीची लालभडक जाळी, म्हणजे जायपत्री, दिसली की ते काढायचं, त्याआधी नाही. 62 फळं मिळाली, वजन 4 किलो 100 ग्रॅम. फोडून वेगवेगळं तोललं: साल 3 किलो 400, कवचासकट बिया 560 ग्रॅम, ओली जायपत्री जेमतेम 140. म्हणजे ज्यासाठी एवढी यातायात, तो माल पाटीभर फळांत ओंजळ-दोन ओंजळ. सालीचं काय करायचं ते नंतर बघू. आज गाईपुढे टाकली, तिने हुंगून तोंड फिरवलं.

23 जून

जायपत्री काळी पडली.

मृग कोरडा गेला म्हणून लोक कुरकुरत होते, आर्द्रा लागल्यापासून सूर्य दिसलेला नाही. पडवीत गोणपाट अंथरून त्यावर बिया आणि जायपत्री एकत्रच पसरली होती. पहिल्या दिवशी रंग असा, की वहिनी म्हणाली कुंकवाचा सडा पडलाय. तिसऱ्या दिवशी तपकिरी, पाचव्या दिवशी ओल्या चहापत्तीसारखी. वास अजून आहे, पण बाजारात हिला कोणी हात लावणार नाही. जायपत्रीला जायफळाच्या पाच-सहा पट भाव मिळतो, तेव्हा नुकसान नेमकं महागाच्या मालाचं झालं.

चुका दोन. गोणपाट स्वतःच दमट असतं, खालून ओल देत राहतं. आणि जायपत्री बीपेक्षा कितीतरी लवकर वाळवावी लागते, दोन्हीला एकच वेळापत्रक लावून चालत नाही. कापूस पिंजल्यासारखी ती बीवरून अलगद सोडवायची, शक्यतो अख्खी, आणि लगेच वेगळी वाळत घालायची.

29 जून

आजची नोंद लिहायला लाज वाटतेय. आतापर्यंत 318 फळं काढली होती. त्यातल्या 140 बिया आज खड्ड्यात पुरल्या.

झालं असं. झाडाखाली पडलेली फळंही मी गोळा करत होते. काही दोन दिवस, काही चार दिवस पाल्यात लोळलेली. ती ताज्या फळांच्या बियांत मिसळली. बुधवारी रात्री वारा-पाऊस पडवीत शिरला म्हणून घाईघाईने सगळं एका पोत्यात भरून ओटीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगा लागल्या. पोतं उघडलं शनिवारी, म्हणजे आज. कुबट वास, कवचांवर पांढरी-हिरवी बुरशी. पाच-सहा फोडून बघितल्या, बुरशी आत गरापर्यंत, म्हणजे खुद्द जायफळापर्यंत गेलेली.

बाबा म्हणाले, पुसून उन्हात टाक, व्यापाऱ्याला काय कळतंय. मी नाही म्हटलं. जायफळावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे, आणि शिजवून, भाजून जात नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत आपण हे ऐकलेलं असतं, जायफळाच्या बाबतीत ऐकत नाही, कारण ते चिमूटभरच पोटात जातं. पण बाळाला उगाळून चाटवतात तेही हेच जायफळ.

आजपासून पडलेलं फळ वेगळ्या टोपलीत, आणि ते त्याच दिवशी फोडायचं. एक रात्रसुद्धा पोत्यात काही ठेवायचं नाही.

2 जुलै

आत्याचा उपाय: "अगो, चुलीवरच्या फळीवर ठेव. आगोटीच्या आधी सगळं तिथेच तर वाळायचं." चूल आता फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी पेटते, पण रोज पेटते. 60 बिया रोवळीत घालून फळीवर ठेवल्या. बाकीच्या माजघरात पंख्याखाली, बांबूच्या सुपात.

6 जुलै

फळीवरच्या बिया बाहेरून ठणठणीत झाल्या. एक फोडून किसली, कॉफीत घातली. पहिला घोट घेऊन बाबांनी विचारलं, "दूध लागलं का गो?" नारळाच्या सोडणांचा धूर पार आत मुरलाय. गोडाच्या पदार्थात हे जायफळ चालणार नाही. वहिनीने त्यातली मूठभर मालवणी मसाल्यासाठी बाजूला काढली. कोंबडीच्या रश्शात धुराचा वास कोणाला खुपत नाही, उलट बरा लागतो, असं तिचं म्हणणं. तेव्हा या 60 बिया घरच्या मसाल्यात गेल्या असं धरायचं. चुलीचा प्रयोग इथे संपला.

पंख्याखालच्या बिया हलवून बघितल्या, अजून मुक्या आहेत. बी वाळली की आतला गर आक्रसतो, कवचापासून सुटतो आणि खुळखुळ्यासारखा वाजतो. हीच एक खूण, बाकी काही मोजायची गरज नाही.

8 जुलै

माळ्यावरचं जुनं फडताळ खाली काढलं. त्याचं वाळवणीचं कपाट केलं. खर्च:

थर्मोस्टॅट (कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीला लावतात तो) 480
100 वॉटचे साधे पिवळे बल्ब, 4 नग 240
होल्डर, वायर, पिन 310
स्टीलची जाळी 540
तापमान आणि दमटपणा दाखवणारं घड्याळ 300
एकूण 1,870 रुपये

साधे बल्ब आता सहज मिळत नाहीत. तीन दुकानं फिरल्यावर दापोलीत एका माळ्यावरून धूळ झटकून काढून दिले. एलईडीचा इथे उपयोग नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवीय. पंखा जुन्या कॉम्प्युटरमधला, फुकट. खाली दोन बल्ब, वर चार चौकटींवर जाळी, सगळ्यात वर भोक पाडून बाहेर हवा फेकणारा पंखा. भोक नसेल तर बियांमधलं पाणी आतच फिरत राहतं आणि फडताळाचं मोदकपात्र होतं.

10 जुलै

कपाटाने पहिल्याच दिवशी दगा दिला, म्हणजे मीच दिला. लवकर आटपावं म्हणून काटा 65 अंशांवर ठेवला आणि झोपले. सकाळी खालच्या चौकटीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचे डाग. 85 बिया होत्या. फोडल्यावर गर मेणचट, नखाने दाबला तर चकाकतो, आणि जाळीदार नक्षी पुसट झालेली.

जायफळात चरबी भरपूर असते, गराच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्तच. ती 45 अंशांच्या पुढे वितळायला लागते आणि जाताना सुगंधी तेल बरोबर घेऊन जाते. म्हणून बीसाठी 40 ते 42, त्याच्या वर नाही. घाई करून वाचवले असते दोन दिवस, घालवल्या 85 बिया. त्या घरात वापरू, विकायच्या नाहीत.

आत्या काही बोलली नाही. वर्तमानपत्राचा तो तेलकट कागद मात्र घडी घालून कपड्यांच्या पेटीत ठेवला, कसर लागत नाही म्हणून.

14 जुलै

आता जम बसतोय. बी 41 अंशांवर, दिवसातून दोनदा खालवर करायची. जायपत्री वरच्या चौकटीत नको, तिला वेगळी फेरी, 50 अंशांच्या आसपास.

जायपत्रीच्या रंगासाठी एक युक्ती सापडली आणि ती चालली. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची शिफारस आहे: ताजी जायपत्री 75 अंशांच्या गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवायची, निथळायची, मग वाळवायची. उकळतं पाणी नव्हे. माझ्याकडे स्वयंपाकाचा तापमापक नव्हता, म्हणून कपाटाचाच घ्यायला गेले आणि तो वाफेने मेला. आणखी 300 जाऊ नयेत म्हणून वहिनीने रसायनशास्त्राच्या जुन्या पेटीतला काचेचा काढून दिला. तोच आता चालू आहे.

निकाल: चौदा तासांत जायपत्री कुरकुरीत. लाल रंग उतरून केशरी झाला, तो उतरतोच, पण काळा एकही तुकडा नाही. चपटी करून वाळवली तर डब्यात कमी मोडते. अंगठ्याने दाबून जाळीवर पसरायची, फुलाच्या पाकळ्या दाबतात तशी.

17 जुलै

चौथ्या झाडाचा उलगडा झाला. घरात सगळे त्याला वांझोटं म्हणतात आणि बाबा दर मे महिन्यात कुऱ्हाडीला धार लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कलमांची चौकशी करायला गेले होते, तिथे एका जाणत्या माणसाने विचारलं, रोपं बियांपासूनची का? हो. मग ते नर झाड असणार. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून लावलं तर सहा-सात वर्षं, फुलं येईपर्यंत, कळत नाही पदरात काय पडलंय. म्हणूनच मादी झाडाच्या फांदीची कलमं लावतात. कोकण सुगंधा, कोकण स्वाद या इथल्याच जाती. आणि नर अजिबात नसेल तर माद्या धरणार कशाने? आमची तीन झाडं लगडतात ती या वांझोट्याच्या जिवावर.

बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. पण सावली फार करतो."

22 जुलै

पुष्य लागलाय, म्हातारा पाऊस, नावाला शोभेल असं काही करत नाही. दोन दिवस वीज नव्हती. कपाटात सुमारे तीनशे बिया अर्धवट. पुन्हा पोत्याची गत होऊ नये म्हणून सगळ्या बाहेर काढून सुपांत पातळ पसरल्या आणि मी, वहिनी, आत्या आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. हास्यास्पद प्रकार, पण बुरशी आली नाही. वीज आल्यावर परत आत. दोन दिवस वाया गेले, माल नाही.

पहिली खरी खेप आज वाजायला लागली. आठ दिवस लागले. मूठभर घेऊन कानाशी हलवल्या, आत्याच्याही कानाशी नेल्या.

उत्साहात लगेच वीसेक फोडल्या. हातोडीने आडव्या ठोकल्या, सात गर फुटले. बी उभी धरून टोकावर हलकी टिचकी मारायची, दुसऱ्या हातात वरवंटा पुरतो. कवच चिरतं, गर अख्खा निघतो. पण फोडायची घाई करू नका. कवच हीच त्याची डबी आहे. उघड्या गराला भुंगा लागतो. बाजारातल्या जायफळावर कधीकधी टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात ती त्याचीच. काहींवर पांढरी पूड दिसते तो चुना. किडीपासून वाचवायला गर चुन्याच्या पाण्यात बुडवायची रीत डचांच्या काळापासून आहे. तो धुऊन, पुसून मगच किसायचा.

28 जुलै

सालीकडे वळले. दर काढणीला पाट्याच्या पाट्या खतात जातात, बघवत नाही. फळाच्या वजनातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग सालच असतो.

लोणचं, पहिला प्रयत्न: आत्याच्या विळीवर 1 किलो साल कैरीसारखी चिरली, मीठ, तिखट, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, वर फोडणी. तासाभरात फोडी शाईसारख्या काळ्या. सालीत तुरट अंश फार असतो, लोखंडाला लागला की काळा पडतो. चव अशी की जीभ टाळूला चिकटली. फेकलं.

दुसरा प्रयत्न: स्टीलची सुरी. चिरलेली फोड तशीच ताटात न ठेवता थेट मिठाच्या पाण्यात, लिटरला दोन मोठे चमचे मीठ. रात्रभर. सकाळी ते पाणी ओतून दिलं, ते चहासारखं तांबूस झालं होतं, म्हणजे तुरटपणा बराचसा त्यात उतरला. फोडी फडक्यावर, पंख्याखाली चार तास. मग मसाला कैरीच्या लोणच्याचाच, पण मेथी निम्मी, कारण कडवटपणा सालीत आधीच आहे, आणि चार लिंबांचा रस. आठव्या दिवशी उघडू.

5 ऑगस्ट

लोणचं उघडलं. चांगलं झालंय. करकरीत राहिलंय आणि मागून जायफळाचा मंद वास येतो. दहीभाताबरोबर बाबांनी तीनदा घेतलं. एवढं पुरे.

कँडी मात्र फसली. फोडी उकडून थेट घट्ट पाकात टाकल्या, आवळ्याच्या मोरावळ्याला आजी टाकायची तशा. दुसऱ्या दिवशी त्या सुकून चामड्यासारख्या. घट्ट पाक फोडीतलं पाणी एकदम ओढून घेतो आणि साखर आत शिरायच्या आधीच फोड आक्रसते. पाक पायरीपायरीने घट्ट करायला हवा: पहिल्या दिवशी पातळ, फोडी काढून तोच पाक थोडा आटवून दुसऱ्या दिवशी, असं चार दिवस. मग जाळीवर, माझ्या कपाटात. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच सालीची टॅफी करायची पद्धत बसवली आहे, त्यावरून कल्पना सुचली.

12 ऑगस्ट

कँडीची दुसरी खेप जमली. पारदर्शक, मधाच्या रंगाची. शेजारची पोरं मुठी भरून न्यायला लागली तेव्हा आत्याने ओरडून थांबवलं, जायफळ आहे, झोपाल दिवसभर. सालीच्या कँडीने काही होत नाही, पण तिची भीती अगदी उगाच नाही. बीचा गर एका वेळी एका जायफळाएवढा, पाचेक ग्रॅम, पोटात गेला तर मळमळ, धडधड, तोंडाला कोरड, भ्रम असं सगळं होऊ शकतं, आणि तेही काही तासांनी सुरू होतं, म्हणून लोकांना कारण कळत नाही. जायफळ डब्यात झाकून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं.

याच ओघात घरातला दुसरा वाद. वहिनीचं बाळ चार महिन्यांचं. आत्याला नव्या जायफळाची गुटी द्यायचीच होती, "आमच्या वेळी" वगैरे सगळं बोलून झालं. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही असं सांगितलंय. वहिनीने सहाण धुऊन कॉफीसाठी माझ्याकडे दिली. आत्या दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही, मी काय केलं होतं कोण जाणे.

18 ऑगस्ट

कॉफी. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर, पूड आणि जायफळ. पाहुणा आला तरच. आज तीन कप वेगवेगळे करून बघितले. एकात दूध उकळतानाच जायफळ, दुसऱ्यात गॅस बंद करताना, तिसऱ्यात कपात वरून. पहिल्यात घरभर वास सुटला आणि कपात काही उरलं नाही. तिसऱ्यात वास नाकाला, पण पूड जिभेवर खरखरीत. दुसरा कप बरोबर. सुगंधी तेल उडून जाणारं आहे, त्याला उकळत ठेवण्यात अर्थ नाही, पण दुधात मिसळायला थोडी ऊब हवी.

नव्या जायफळाचं प्रमाण मात्र चुकलं. दुकानातल्या जायफळाच्या सवयीने दोन कपांना पाव चमचा घातलं, कडू झाली. किसणीवरून चार वेळा फिरवलं की दोन कपांना पुरतं. उरलेल्या दिवसांत प्रत्येक पदार्थाला हाच धडा मिळत गेला.

31 ऑगस्ट

शेवटची काढणी झाली. हिशेब.

फळं एकूण 1,940. बुरशीने 140, धुराने 60, उष्णतेने 85 बाद. वाळलेलं जायफळ कवचासकट 11 किलो 600. वाळलेली जायपत्री 1 किलो 740, सुरुवातीची सगळी काळी गेली ती सोडून.

विकलं: जायफळ 9 किलो, 270 रुपयांनी, 2,430. जायपत्री दीड किलो, 1,700 रुपयांनी, 2,550. आले 4,980.

गेले: कपाट 1,870. विजेचं बिल दोन महिन्यांत मिळून 1,460 जास्त. झाडावर चढणाऱ्याची मजुरी 1,200. साखर, तेल, मसाले 600. एकूण 5,130.

तोटा 150 रुपये. माझे अडीच महिने त्यात धरलेले नाहीत. व्यापारी घरबसल्या 3,500 देत होता. बाबांनी हिशेबाची वही वाचली, चष्मा काढला आणि इतकंच विचारलं, की कपाट पुढच्या वर्षी परत विकत घ्यावं लागतं का. नाही लागत. घरात 2 किलो 600 ग्रॅम जायफळ, 240 ग्रॅम जायपत्री, लोणच्याच्या सहा बरण्या आणि कँडी शिल्लक आहे.

7 सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मोदकाच्या सारणात. दोन नारळांना किसणीवर आठ-दहा वेळा फिरवलेलं जायफळ, वेलची तेवढीच. गूळ-खोबरं शिजताना नाही, खाली उतरवल्यावर. छान.

11 सप्टेंबर, गौरीपूजन

घावन-घाटलं. सगळ्या हंगामात जायफळ कशात सगळ्यात चांगलं लागलं असं विचारलं तर मी घाटलं म्हणेन, श्रीखंड नाही. तांदळाची पिठी, गूळ, नारळाचं दूध. नारळाच्या दुधातला स्निग्धपणा जायफळाचा तिखट, लाकडी धार असलेला वास बोथट करतो आणि उरतो तो फक्त गोडवा. आत्याने किसणी घेऊच दिली नाही. सहाणेवर चमचाभर नारळाच्या दुधात पंचवीस वेढे उगाळलं आणि ते गंध घाटल्यात सोडलं. किसलेल्या जायफळाचे तपकिरी ठिपके दिसतात, दाताखाली येतात. उगाळलेलं दिसत नाही. चुकून जास्त पडण्याची भीतीही कमी, कारण हात दुखतो.

दुसऱ्या दिवशी जायपत्रीचा मसालेभात केला. एका किलो तांदळाला दोन अख्ख्या जायपत्र्या तुपात परतल्या, भात औषधाच्या दुकानासारखा लागला. अर्धी पुरली असती.

12 ऑक्टोबर, दसरा

श्रीखंड. 1 किलो चक्का, 900 ग्रॅम साखर. पूर्वी अर्धं जायफळ घालायचो. यंदा जेमतेम अर्धा लहान चमचा, दुधात उगाळलेल्या केशराबरोबर, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. लगेच चाखून "कमी झालं" असं वाटतं, तिथेच फसगत होते. चक्क्यात वास हळूहळू उतरतो. मी रात्री चाखून थोडं वाढवलं, सकाळी ते जास्त झालेलं होतं. पाहुण्यांनी कौतुक केलं, पण बाबांनी पुरीबरोबर नेहमीच्या निम्मं घेतलं, त्यावरून कळायचं ते कळलं.

16 ऑक्टोबर, कोजागिरी

बाहेर ओट्यावर मसाला दूध. पाच लिटर आटवून साडेतीनवर आणलं, जायफळ पातेलं उतरवल्यावर, पाऊण लहान चमचा. या वेळी चाखून वाढवलं नाही.

डबा उघडला तेव्हा तळाशी तपकिरी पूड दिसली, चिमूटभर. सोलून ठेवलेल्या गरांपैकी तिघांना भोकं. कवचातले सगळे नीट. सोललेले उरले होते ते आज रात्रीच किसून संपवले, बाकीचे सोलायचे नाहीत.

जूनमध्ये विद्यापीठातून मादी झाडाची दोन कलमं आणायची आहेत. चौथ्या झाडाच्या सावलीबाहेर, विहिरीच्या अंगाला लावायची. बाबांनी जागा दाखवलीय. कुऱ्हाड माळ्यावर ठेवली, फडताळ होतं तिथे.